काळ्याचं काम

आमच्या घरात काळा मासा मरण्यासाठी ठेवलेला होता. हे कोणी लपवतही नव्हतं. पाहुणे आले की सासूबाई हॉलच्या कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवून सरळ सांगायच्या, "हे आठ सोनेरी लक्ष्मीचे, आणि तो काळा आपल्यावरचं घ्यायला." पाहुण्यांना त्यात काही नवल वाटत नसे. बदलापूर पूर्वेला शिरगावात आमची इमारत आहे, आणि तिच्यातल्या बऱ्याच घरांत असा एक काळा असतो. घरातल्या माणसावर काही यायचं असलं की ते आधी काळ्यावर जातं. तो मरतो, माणूस सुटतो. मग दुसरा काळा आणायचा. जागा रिकामी ठेवायची नाही.

लग्न होऊन या घरात आल्यावर थोड्याच दिवसांत मी पहिला काळा मेलेला पाहिला. सकाळी पाण्यावर आडवा तरंगत होता. मी चेहरा पाडून स्वयंपाकघरात सांगायला गेले, तर सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि देवाकडे तोंड करून हात जोडले. "बरं झालं बाई. परवाच ह्याची गाडी घसरली होती ना." ह्याची म्हणजे माझ्या नवऱ्याची. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. त्या दिवशी जेवणात शिरा होता, आणि संध्याकाळी नवरा उल्हासनगरला जाऊन पिशवीतून नवा काळा घेऊन आला.

मी अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. कच्चा माल आला की तपासायचा, तयार माल जायच्या आधी तपासायचा. तेव्हा मासे का मरतात हे कळायला मला फार वेळ लागला नाही. सासूबाई टाकी साफ करायच्या म्हणजे सगळं पाणी उपसून थेट नळाखालचं पाणी भरायच्या, आणि आमच्या नळाला सकाळी पावडरचा असा वास येतो की चूळ भरताना नाकात जातो. एकदा जेवताना मी म्हणाले, "आई, ते संकटानं नाही, क्लोरीननं मरतात." सासूबाईंनी आमटीची वाटी सरकवली. नवरा ताटात बघत राहिला. फक्त सासरे हसले. म्हणाले, "संकटाला केमिस्ट लोक क्लोरीन म्हणतात वाटतं."

या घरात मला मनापासून आवडणारा माणूस तो एकच होता. बाबा आयुष्यभर आनंदनगरच्याच एका कारखान्यात प्रॉडक्शनला होते, ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मी कामावरून उशिरा आले तर माझं ताट झाकून ठेवून ते समोर पेपर वाचत बसायचे, आणि मी जेवायला लागले की आज कुठली बॅच फेल गेली ते विचारायचे. दुसरं कोणी मला माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारत नसे. माशांना खाणंही तेच घालायचे. टाकीचं पाणी मी बघायला लागले, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी वापरायला लागले, आणि त्यानंतर आलेला काळा टिकला. तो बाहेर आलेल्या टपोऱ्या डोळ्यांचा, मखमली काळा होता. बाबांनी पाण्यात बोट घातलं की वर येऊन बोट चोखायचा. बाबा त्याला साहेब म्हणायचे. "जन्मभर साहेबाला रिपोर्ट केला, आता घरातही साहेब," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. "साहेब जेवले का?" हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न झाला होता.

साहेबाला येऊन दोन वर्षं झाली तरी तो जिवंत होता, आणि सासूबाईंना ते काही फारसं बरं वाटत नव्हतं. मासा मरत नाही तर संकटं जातात कुठे, असा त्यांचा हिशेब. मी पाणी बदलताना त्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "नुसता खातोय."

मग बाबांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या. नळ्या चोंदल्या होत्या, बायपास करावी लागणार होती. डॉक्टरांनी तारीख दिली. घरात शिरल्यावर सासूबाईंनी चपला काढल्या, हॉल ओलांडून टाकीपुढे गेल्या आणि काचेच्या आत फिरणाऱ्या काळ्याकडे बघत म्हणाल्या, "काय करत होतास रे तू इतके दिवस?" त्यांच्या आवाजात खरा राग होता. कामचुकार गड्याला बोलावं तसं त्या माशाला बोलल्या.

आता टाकी फुटली कशी, ते सांगायला हवं, कारण त्यात कुठलंही गूढ नाही. वास्तुवाल्यांनी टाकी ईशान्य कोपऱ्यात ठेवायला सांगितली होती. आमच्या घराचा ईशान्य कोपरा म्हणजे मूळची गॅलरी. बिल्डरने दिलेली गॅलरी सगळ्यांनीच आत घेतली, तशी आम्हीही घेतली, मधली भिंत पाडली, खिडकी पुढे नेली आणि हॉल मोठा केला. लादी मात्र गॅलरीचीच राहिली. गॅलरीला पावसाचं पाणी जायला उतार असतो. तो उतार अजून तिथे आहे. त्या उतारावर लोखंडी स्टँड, स्टँडवर पाण्याने भरलेली टाकी. स्टँड डगमगू नये म्हणून पुढच्या एका पायाखाली नवऱ्याने पुठ्ठ्याच्या घड्या घालून दिल्या होत्या. रोज फरशी पुसली की त्या ओल्या व्हायच्या, सुकायच्या, पुन्हा ओल्या व्हायच्या. मी किती वेळा म्हणाले की लादीचा तुकडा घाला. "करतो ना," असं नवरा म्हणायचा.

ऑपरेशनच्या आधी घरात जप ठेवायचं ठरलं. सासूबाईंनी हॉल धुऊन काढला, स्टँडखाली वाकून बघितलं, पुठ्ठा कुजलेला आणि त्यात झुरळाची पिल्लं. त्यांनी तो ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला. दुपारी गुरुजी बसले. जप चालू झाला. बाबांना पाटावर बसायला मनाई होती म्हणून ते खुर्चीत, मांडीवर शाल. मी दाराशी उभी होते. जपाच्या मधेच टाकीतून बारीक आवाज आला. टक. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ वर निघाली होती. मी "टाकी" म्हणेपर्यंत ती अर्ध्यावर गेली, आणि मी धावेपर्यंत पुढची काच निखळून आली.

सगळं पाणी हॉलमध्ये आलं. त्या घटकेला कोणी काय उचललं ते माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. गुरुजींनी पोथी उचलली. नवऱ्याने टीव्हीचा एक्स्टेन्शन बोर्ड उचलला. सासूबाईंनी समई उचलली. बाबांनी पाय वर घेतले. मासे लादीवर उड्या मारत होते, काही सोफ्याखाली गेले होते. मी कपड्यांच्या टबात पाणी ओतून हाताला लागतील ते सोनेरी त्यात टाकले. तीन-चार मेले. त्यांच्याबद्दल नंतर कोणी चकार शब्द काढला नाही. सोनेरी मेले तर त्याचा काही अर्थ होत नाही.

काळा काचेच्या तुकड्यात सापडला. एका बाजूला कल्ल्यापासून शेपटीकडे चीर गेली होती आणि त्या बाजूचा डोळा फुटून बाहेर लोंबत होता. मी त्याला ओंजळीत घेतलं तेव्हा तो तोंड उघडत होता, मिटत होता.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. जप चालू असताना टाकी फुटली, याहून वाईट ते काय. त्या भिंतीला टेकून म्हणायला लागल्या, "आता काही खरं नाही, आता काही खरं नाही." बाबा खुर्चीत पाय वर घेऊन माझ्या ओंजळीकडे बघत होते. तेव्हा गुरुजी पोथी छातीशी धरून, धोतराचा सोगा वर घेऊन म्हणाले, "वहिनी, उलटं बोलू नका. काळ्यानं घेतलं. जप लागू पडला." बस्स. इतकंच. सगळ्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. नवरा तर चक्क हसला. बाबांनी डोळे मिटून शालीखाली हात जोडले.

मी ओंजळ घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. मिठाचं पाणी करायचं होतं. सासूबाई आडव्या आल्या. "कुठे नेतेस?"

"औषध लावते, आई. वाचेल कदाचित."

"त्याला हात लावू नको आता," त्या म्हणाल्या. "त्याचं काम करू दे त्याला."

त्यांनी माझ्या हातून तो काढून घेतला, ड्राय बाल्कनीत नेला आणि फरशी पुसायच्या बादलीत टाकला. आत तसंच गढूळ पाणी होतं. वर स्टीलचं झाकण ठेवलं.

तो लगेच मेला असता तर हे सगळं इथेच संपलं असतं. पण तो मेला नाही. संध्याकाळी झाकण उचलून बघितलं तर तळाशी तिरका पडून श्वास घेत होता. मी बादली बदलली. स्वच्छ पाणी, खडे मीठ. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर रिक्षा करून उल्हासनगरला गेले. ज्या दुकानातून आमचे सगळे काळे आले होते तिथे माशांचं निळं औषध मागितलं. दुकानदार सिंधी, आमच्या घरचा जुना ओळखीचा. त्याने विचारलं, "किसके लिए?"

"काळ्यासाठी. काच लागली आहे."

त्याने औषधाची बाटली काढता काढता हात थांबवला. "मॅडम, नया ले जाओ ना. काला कोई ठीक नहीं करता. पच्चीस साल से बेचता हूँ, काले की दवाई आज पहली बार कोई माँग रहा है." मग बाटली पुढे करून मराठीत म्हणाला, "घरी कोणी बिमार आहे काय?"

मी हो म्हणाले. "तो फिर क्यों बचाते हो?" त्याने विचारलं. खरंच कुतूहलाने विचारलं. मी पैसे मोजून दिले. मला त्याचा राग आला, कारण तो वाईट माणूस नव्हता.

त्यानंतर बाबांना दाखल करेपर्यंतचे दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी सासूबाई ड्राय बाल्कनीत जायच्या, झाकण उचलायच्या आणि आत येऊन म्हणायच्या, "अजून आहे." दूध आलं का, गॅस संपला का, त्याच सुरात. औषधाने पाणी निळं झालं होतं, पण त्यांना वाटलं मी फिनेल टाकलंय, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. फिनेलला त्यांची हरकत नव्हती. डोळा गळून पडला. चीर मात्र कडेने पांढरी होऊन भरत चालली होती. दाखल करायचा दिवस जवळ येत होता आणि मासा सुधारत होता, आणि घरातलं वातावरण दिवसेंदिवस बिघडत होतं. एकदा नवरा मला हळूच म्हणाला, "यार, तू मुद्दाम करतेस का हे? आईचं टेन्शन बघ जरा." मी म्हणाले, "आईला सांग, चप्पल घे आणि ठेच." तो दुखावून बाहेर गेला. मी तसं बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही.

बाबांना कल्याणच्या हॉस्पिटलात दाखल केलं आणि सासूबाई रात्री तिथेच राहिल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्याजवळ मी बसले होते. सासूबाई आणि नवरा खाली जेवायला गेले होते. बाबांची छाती भादरलेली, हातात सुई. पेपर आणून दिला होता तो तसाच घडी घातलेला. समोर आणलेली पेज तशीच गार झालेली. मी कुठल्या तरी बॅचची गोष्ट सांगत होते. ते ऐकत नव्हते. मधेच त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"साहेब गेले का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं ते काळजीने विचारताहेत. मी तोंड भरून सांगणार होते की नाही बाबा, छान आहेत, जखम भरतेय, काल तर खाल्लंसुद्धा. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. क्लोरीनवरून हसणारा माणूस त्या चेहऱ्यात नव्हताच. ओठ सुकलेले, डोळे माझ्या ओठांवर खिळलेले. ते एका शब्दाची वाट बघत होते, आणि तो शब्द कुठला ते लहान मुलालाही कळलं असतं.

"हो बाबा," मी म्हणाले. "आज सकाळीच गेले."

त्यांनी मनगट सोडलं. उशीला डोकं टेकलं. "सुटलो," ते म्हणाले. बिचारा म्हणाले नाहीत. कसा गेला, विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ती पेज दे बघू," आणि वाटीभर पेज गार होती तशी संपवली. खोटं बोलल्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी टेबलावर जायचं होतं. मला फक्त त्या "सुटलो"चा त्रास झाला. तो शब्द मी इतक्या जवळून ऐकायला नको होता.

सासूबाई वर आल्यावर बाबांनी स्वतःच त्यांना सांगितलं, "काळा गेला." सासूबाईंनी तिथेच फोन काढला आणि सगळ्या नातेवाईकांना कळवायला सुरुवात केली. मला घरी जायला हवं होतं. मी संध्याकाळ व्हायच्या आत घरी आले, बादलीतला काळा माझ्या जेवणाच्या मोठ्या डब्यात घातला, झाकण अर्धवट लावलं आणि तशीच कंपनीत गेले. दुसरी शिफ्ट चालू होती. लॅबमध्ये रिकाम्या मोठ्या काचेच्या बरण्या असतात, त्यातल्या एकीत पाणी भरून त्याला सोडलं आणि खिडकीशी ठेवलं. बरोबरच्या मुलींनी विचारलं, हे काय. मी म्हणाले, "आमचे वारलेले साहेब." त्या हसल्या. त्यांना वाटलं गंमत आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा घरी आले. उरलेले सोनेरी अजून टबातच होते, आणि नवी टाकी येईपर्यंत काळ्याची जागा रिकामी होती. छातीचं हाड कापून तारेने शिवलेलं होतं, ते जुळेपर्यंत हातावर जोर द्यायचा नाही, काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही, कोणी त्यांचा हात ओढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. भेटायला रीघ लागली. आणि प्रत्येक खेपेला काळ्याची गोष्ट. सासूबाई सांगायच्या आणि दर वेळी ती वाढायची. जप संपता संपता त्याने कसं बाबांकडे पाहिलं. बादलीतसुद्धा त्याचं तोंड बाबांच्या खोलीकडेच होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने शांतपणे डोळे मिटले. माशाला पापण्या नसतात. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. ऐकता ऐकता बायका पदराने डोळे टिपायच्या आणि मग चिवडा घ्यायच्या. बाबाही मान डोलवायचे. "त्याचे उपकार," म्हणायचे. जेवायचे मात्र चिमणीएवढं. तोंडाला चव नाही म्हणायचे.

इकडे लॅबमध्ये काळा ठणठणीत झाला. एक डोळा नाही, तिथे कातडी ओढून आलेली, बाकी रंग पहिल्यासारखा. माझ्या डब्यातला उकडलेला मटार कुस्करून टाकला की आवडीने खायचा. बरणीभोवती फिरताना आंधळ्या बाजूने काचेला आपटायचा, मग शहाणा होऊन उलटा फिरायला लागला. मला त्याचा फार लळा लागला होता. काम करताना मान वर केली की तो दिसायचा आणि मला बरं वाटायचं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढे कंपनीत ऑडिट लागलं. लॅबमध्ये मासा चालणार नव्हता. कोणाला तरी देऊन टाकता आला असता. पण माझ्या मनात दुसरंच होतं. बाबा आता जिना चढ-उतार करायला लागले होते, रंग सुधारला होता. मी ठरवलं, त्यांना दाखवायचा. त्यांना वाईट वाटत असणार, आपल्यासाठी त्या मुक्या जिवाला जावं लागलं म्हणून. जेव्हा कळेल की कोणालाच जावं लागलं नाही, आपण वाचलो आणि तोही वाचला, तेव्हा त्या माणसाच्या जिवावरचं केवढं ओझं उतरेल. मी रिक्षात डबा मांडीवर धरून असा विचार करत होते आणि मनातल्या मनात हसत होते. माणसं ओळखण्यात मी किती कच्ची आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

दुपार होती. सासूबाई खालच्या मजल्यावर हळदीकुंकवाला गेल्या होत्या. नवरा कामावर. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी काचेचं मोठं भांडं आणलं, पाणी भरलं, काळा त्यात सोडला आणि त्यांच्यापुढे टीपॉयवर ठेवलं. "बाबा, बघा कोण आलंय."

त्यांनी मान खाली करून पाहिलं. काळा एक गिरकी घेऊन चांगल्या डोळ्याची बाजू त्यांच्याकडे करून थांबला. सवयीनेच असेल, बाबांनी पाण्यात बोट घातलं. तो वर आला आणि बोट चोखायला लागला. मी हसले. टाळी वाजवायचीच बाकी होती.

बाबांनी बोट काढलं नाही. हळूच विचारलं, "हा तोच?"

"तोच. डोळा तेवढा गेला. मी लॅबमध्ये ठेवला होता."

"म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी हा होता."

"होता, बाबा. एकदम मजेत होता."

त्यांनी दुसरा हात सदऱ्याच्या आत घालून छातीवरच्या टाक्यांवर ठेवला. मग म्हणाले, "मग माझं कोणी घेतलं?"

"कोणी कशाला घ्यायला हवं? डॉक्टरांनी केलं ना सगळं."

"हं," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पोरी, चहा टाक जरा. आलं घाल."

मी स्वयंपाकघरात गेले. आलं किसलं, दूध घातलं, उकळी येईपर्यंत उभी राहिले. खरं सांगायचं तर मी आनंदात होते. चहा गाळून दोन कप घेऊन बाहेर आले. भांड्यातलं पाणी हलत होतं आणि त्यात काही नव्हतं.

बाबा ताठ बसले होते. उजवा हात मांडीवर, मूठ आवळलेली, बाही कोपरापर्यंत ओली. बोटांच्या फटीतून काळी शेपटी बाहेर आली होती. ती हलत होती.

मी कप तिथेच ठेवले आणि त्यांच्या मुठीला धरलं. "बाबा, सोडा. सोडा त्याला." मी त्यांची बोटं उकलायला गेले, हात स्वतःकडे खेचायला लागले.

"ओढू नकोस," ते म्हणाले. "टाके आहेत."

मी थांबले. त्यांना माहीत होतं मी थांबणार. तारेने शिवलेल्या त्या छातीसाठी मी रजा काढल्या होत्या, त्यांना उठताना पाठीला हात दिला होता, रोज अंगात सदरा घालून दिला होता. त्यांचा हात मी कशी ओढणार. त्यांनी ती छाती माझ्यापुढे ढालीसारखी धरली आणि मूठ आणखी आवळली. मी दोन्ही हात खाली सोडून समोर उभी राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मुठीकडे बघत होते, चेहऱ्यावर राग नाही, द्वेष नाही. कारखान्यात प्रेशर गेज बघत उभे राहत असतील तसे, काम पुरं व्हायची वाट बघत होते. मला या माणसाचा तिटकारा आला. आणि त्याच वेळी त्यांच्या धापेकडेही माझं लक्ष होतं, फार जोर तर लावत नाहीत ना, म्हणून. शेपटी एकदा जोरात हलली, मग नुसती थरथरली, मग तेही थांबलं.

त्यांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग मूठ उघडली. काळा त्यांच्या तळव्यावर चपटा पडला होता.

"आता झालं," बाबा म्हणाले. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. "हिला यातलं काही सांगू नकोस. उगाच घाबरेल." मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं आणि माशासाठीही नव्हतं. "तू मला आधी सांगायला हवं होतंस गं," ते म्हणाले. "इतके दिवस मी उघड्यावर होतो."

मी त्यांच्या तळव्यावरून मासा उचलला आणि जुन्या पेपरात गुंडाळला. ते म्हणाले, भूक लागली आहे, चहाबरोबर काही असेल तर दे. घरी आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून मागितलं होतं. मी बिस्किटांचा डबा आणला.

त्या दिवसांत त्यांना बेसिनवर वाकता येत नसे, म्हणून खाण्याआधी मी खुर्चीपाशी तसराळं आणि तांब्या नेऊन त्यांचे हात धुवायचे. तसंच त्या दिवशीही नेलं. त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत काळे खवले चिकटले होते, ते निघेनात. मी साबण लावून एकेक बोट चोळत होते तेव्हा बाबा म्हणाले, "पाणी जरा कोमट कर."